जुन्या पिकअपच्या मागच्या एक्सलला लय गंज, मृग लागायच्या आधी काय करू?

दर्यापूरकर_पिकअप
नमस्कार मंडळी. मागच्या दिवाळीत सेकंडहँड पिकअप घेतलं, 2012 चं मॉडेल. आधीचा मालक कृषी केंद्रवाला, गाडीत सारा युरिया, डीएपी, पोटॅशच्या गोण्या वाहिल्या. इंजिन चांगलं होतं, टायर चांगले होते, म्हणून खाली शिरून पाहायचं सुचलंच नाही. परवा अकोटहून तूर खाली करून येताना मागचं चाक पंक्चर झालं, स्टेपनी काढायला खाली गेलो तं एक्सलची नळी पाहूनच पोटात गोळा आला. लाल-काळे पापुद्रे सुटलेत, नखानं खरडलं तं बोटाएवढा तुकडा हातात आला. पाट्यांच्या (स्प्रिंगच्या पट्ट्यांच्या) यू बोल्टाजवळ सगळ्यात जास्त, आणि मधल्या गोळ्याला नळी जिथं जोडली तिथं ओलसर, ऑइल पाझरल्यासारखं दिसून राहिलं.

गावात तिघांले दाखवलं. एक म्हणे वेल्डिंग मारून देतो, दुसरा म्हणे हौसिंगच, म्हणजे मधला गोळा अन् नळ्या मिळून सारं कवच, बदला, तिसरा म्हणे जळकं ऑइल मारा अन् विसरून जा. जूनमधे आरटीओची फिटनेस तपासणी आहे, गाडी 8 वर्षांच्या वरची म्हणून दरवर्षी करावं लागते. घरचं पोट याच गाडीवर आहे आणि मागं भाऊ, पुतण्या बसलेले असतात, म्हणून घाबरलो. निगा नाही घेतली असं नाही हो, रोज संध्याकाळी शेतातून आलो की बोअरच्या पाण्यानं खालून पाइप मारून चिखल काढतो. तरी असं काहून व्हावं?

मिस्त्री_यवतमाळ
दादा, घाबरू नका पण हलक्यातही घेऊ नका. 20 वर्षं झाली याच कामात, तुमच्यासारख्या गाड्या दर उन्हाळ्यात येतात. वेल्डिंगवाल्याले आत्ता हात लावू देऊ नका. नळीवर, त्यातही पाट्याच्या बैठकीजवळ वेल्डिंग मारलं की उष्णतेनं नळी ओढल्या जाते, जराशी वाकडी झाली तरी एक्सल शाफ्ट सरळ बसत नाही, सील फाटते, बेअरिंग आवाज करते अन् टायर एका बाजूनं खाते. हौसिंगच्या आत ऑइल असते, ते पेटायची भीती वेगळीच.

आधी तपासा. गाडी सपाट जागी उभी करा, पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावा, आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली झोपू नका, चेसिसखाली लाकडी स्लीपरचे ठोकळे ठेवा. हे मी हात जोडून सांगतो, जॅक सरकलेला मी डोळ्यानं पाहिला आहे. मग पापुद्रे तारेच्या ब्रशनं काढा आणि अर्धा किलोच्या हातोडीनं नळीवर टप टप करत चला. चांगलं लोखंड टणटण वाजते, सडलेलं बद्द वाजते. जिथं बद्द वाटलं तिथं जुना स्क्रू ड्रायव्हर जोर लावून दाबा, रुतला किंवा खड्डा पडला तं हौसिंग गेलं, तिथं चर्चा नाही. नुसतं खरबरीत, बारीक खड्ड्यांचं असलं आणि टोक रुतत नसलं तं ते वाचते.

आता ओलसरपणा. त्याच्यासाठी लगेच भोक पडलं असं समजू नका. हौसिंगच्या वर एक लहान टोपीसारखा ब्रीदर असतो, तो काळ्या मातीनं बुजला की गाडी गरम झाल्यावर आतली हवा बाहेर जायला जागा राहत नाही, ती ऑइल जिथून वाट मिळेल तिथून ढकलते. ब्रीदर काढा, डिझेलनं धुवा, तोंडानं फुंकून पाहा. मग तो ओला भाग डिझेलच्या फडक्यानं पुसून कोरडा करा, त्यावर खडू घासा किंवा टाल्कम पावडर मारा, 10-15 किलोमीटर फिरून या. ऑइल नेमकं कुठून निघते ते पावडरवर उमटते.

आणि खाली आहातच तं ब्रेकची लोखंडी पाइप आधी पाहा. ती एक्सलला क्लिपनं बांधलेली असते आणि क्लिपच्या खालूनच खाते, वरून दिसत नाही. हौसिंग फुटायला वर्षं लागतात, पाइप एका जोरदार ब्रेकला फुटते. क्लिप सरकवून पाहा, खाल्लेली दिसली की त्याच दिवशी बदला, बाकी सगळं मागून.

परतवाडा_ट्रॅक्टर
म्या तं आमच्या बापाच्या काळापासून पाहून ऱ्हायलो, ट्राली असो का जीप, पावसाळा लागायच्या आधी खालून जळकं ऑइल मारलं की गंज धरत नाई. खर्च काई नाई, मिस्त्रीच्या दुकानातून डबाभर आनावं. मले तं आजवर काई तकलीफ झाली नाई.

मिस्त्री_यवतमाळ
भाऊ, ट्रालीचं ठीक आहे, तिथं बरेचदा ब्रेकच नसतात. पिकअपच्या मागच्या चाकात ड्रम आहे, आत लायनिंग आणि व्हील सिलेंडरचं रबर. जळकं ऑइल उन्हानं पातळ होऊन वघळत गेलं आणि लायनिंगला लागलं तं एका बाजूचा ब्रेक धरतच नाही, गाडी एकीकडे ओढते. ब्रेक ऑइलवाल्या रबरालाही ते चालत नाही, रबर फुगते. शिवाय त्यावर धूळ बसून लेप होतो आणि त्या लेपाखाली गंज चालूच राहतो, फक्त आपल्याले दिसत नाही.

मूर्तिजापूर_शेतकरी
सगळ्यांनी बरोबर सांगितलं पण मुख्य गोष्ट कोणाच्याच ध्यानात आली नाही म्हणून लिहितो. दर्यापूर म्हणजे खारपाणपट्टा, पूर्णेचा तो सारा भाग, अकोला, अमरावती, बुलडाण्याचा. आमच्याकडेही तेच. बोअरचं पाणी खारं आणि तुम्ही तेच रोज संध्याकाळी एक्सलवर मारून राहिले! एक पळीभर पाणी तव्यावर आटवून पाहा, खाली जो पांढरा थर राहते तोच तुम्ही रोज गाडीला चढवून राहिले. त्यात आधीच्या मालकाच्या पोटॅशचा भुगा कोपऱ्याकोपऱ्यात बसलेला असणार, पोटॅशमधेही मिठासारखंच क्लोराईड असते, आणि युरिया हवेतून ओल ओढते. त्यावर आपली काळी माती, जी एकदा चिकटली की आठवडाभर ओल सोडत नाही. गंजाले अजून काय पाहिजे?

मी काय करतो सांगू का, रोज धूतच नाही. चिखल वाळू देतो, दुसऱ्या दिवशी लाकडी फळकुटानं ढेपं पाडतो, ब्रशनं झटकतो. आठवड्यातून एकदा नळाच्या गोड्या पाण्यानं धुतो, दोन बादल्या पुरतात. पावसाळ्यात पत्र्याचं पाणी ड्रममधे धरतो तेही गाडीसाठीच. खाऱ्या पाण्यानं रोज धुण्यापेक्षा न धुतलेली गाडी जास्त टिकते, हे मी स्वतःच्या दोन गाड्यांवर पाहिलं आहे.

दर्यापूरकर_पिकअप
सगळ्यांचे लय आभार, तीन दिवसांनी लिहितो कारण तपासत बसलो होतो. पळीभर बोअरचं पाणी आईनं तव्यावर आटवलं, खरंच खडूसारखी पांढरी कड राहिली, बोटानं चाखली तं खारट. ती म्हणे हे पाणी आपण डाळ शिजायला घेत नाही अन् तू गाडीले पाजून राहिला.

ब्रीदर मातीनं दगडासारखा बुजला होता, सुईनं टोकरावा लागला. साफ करून पावडर मारून दर्यापूरला जाऊन आलो, पावडर कोरडीच. हातोडीनं सारी नळी वाजवली, डावी बाजू टणटण. उजवीकडे पाट्याच्या खाली आवाज जरा दबका वाटला पण स्क्रू ड्रायव्हर रुतला नाही, मिस्त्रींनं सांगितलं तसे बारीक खड्डे आहेत. ब्रेक पाइप मात्र क्लिपखाली पार पोखरली होती, हातानं वाकवली तं पाझर फुटला. बदलली काल संध्याकाळीच. भाऊ, पुतण्या मागं बसवून मी सहा महिने त्याच पाइपवर फिरलो, रात्री झोप नाही लागली.

आता यू बोल्ट खोलून पाट्याखालचं साफ करतो म्हणतो. रंग कोणता लावू?

मिस्त्री_यवतमाळ
दादा, पाइपचं बेस झालं, हे ऐकून बरं वाटलं. पाट्याखालचं खोलाच, आवाज दबका आहे तं तिथंच बैठकीच्या वेल्डिंगला चीर आहे का पाहा, चीर दिसली तं हौसिंग बदलणंच बरं. जुनं हौसिंग घेतलं तरी तुमचाच क्राऊन-पिनियन (गोळ्यातले दातेरी गिअर) त्यात चढवा, म्हणजे दातांचं प्रमाण बदलत नाही. चीर नसली तं गोड्या पाण्यानं सारं धुवा, दोन दिवस मे महिन्याच्या उन्हात कडक वाळू द्या, ग्राइंडरला वायर कप लावून सुटं सगळं काढा, उरलेल्या पातळ गंजावर रस्ट कन्व्हर्टर (गंज थांबवणारं औषध) मारा, ते काळं पडलं की झिंक फॉस्फेट प्रायमर आणि वरून दोन हात चेसिस ब्लॅक रंग. नुसता रेड ऑक्साईड मारून सोडू नका, त्यातून पाणी आत जाते. ब्रीदर, रबरी होज आणि ड्रमच्या फटीवर टेप लावा. यू बोल्ट जुने परत टाकू नका, ओढल्या गेलेले असतात, नवीन टाका आणि माल भरून पहिल्या दोन-तीन फेऱ्या झाल्या की परत आवळा. हौसिंगचं ऑइलही काढून पाहा, दुधाळ दिसलं तं पाणी गेलं आहे, 80डब्ल्यू90 गिअर ऑइल नवीन भरा.

दर्यापूरकर_पिकअप
रविवारी खोलतो. नळाचं पाणी आमच्याकडे रोज येत नाही, दोन ड्रम आत्ताच भरून ठेवले. पाट्याखालचा फोटो इथंच टाकतो, चीर आहे का नाही तुम्हीच पाहून सांगा.