मदत हवी आहे: आफ्रो केसांचं सलॉन काढायचंय, गाळा घेऊ की दुसऱ्याच्या सलॉनमधली खुर्ची भाड्याने?

चिमटे_पिना (धागाकर्ती)
पटकन सल्ला हवाय, गाळामालकाला या आठवड्यात उत्तर द्यायचंय. मी हेअरड्रेसर आहे, लेव्हल २ झालंय आणि मला फक्त ४बी-४सी (सगळ्यात घट्ट पिळाच्या आफ्रो) केसांचंच काम करायचंय, म्हणजे धुणं, ट्रिम, ट्विस्ट (दोन बटांचे पीळ), वेण्या. रिलॅक्सर (केमिकलने केस सरळ करणं) करणार नाही. सध्या कामाला आहे तिथे असे केस घेऊन कोणी आलं की "आमच्याकडे होत नाही" म्हणून दारातूनच परत पाठवतात, मला ते बघवत नाही. कोर्सला पण सगळी डमी डोकी सरळ केसांची. तर गाळा की खुर्ची? लायसन्स लागतं का? प्लीज प्रॅक्टिकल सांगा.

पौडरोडकर
पुण्यात का? आमच्या शेजारच्या बिल्डिंगमध्ये आफ्रिकेतून शिकायला आलेल्या मुली राहतात, त्या रूमवरच एकमेकींच्या वेण्या घालतात. गिऱ्हाईक नक्की मिळेल.

जर्सीची_सई
इथे अमेरिकेत लायसन्सचं राज्यागणिक वेगळं असतं हो. टेक्ससने २०१५ मध्ये नुसत्या वेण्या घालणाऱ्यांची अट काढली. न्यूयॉर्कने २०२३ ला कायदा करून कॉस्मेटॉलॉजी (केस-सौंदर्याचा कोर्स) शिकणाऱ्यांना सगळ्या प्रकारचे केस शिकणं सक्तीचं केलं. राज्य कुठलं तुमचं?

चिमटे_पिना
लेव्हल २ ही इकडची पात्रता, तेवढ्यावरून कळेल असं वाटलं. लंडन, क्रॉयडनजवळ.

खोबरेल
ताई, केस कोरडे असतील तर आधी खोबरेल तेल लावा. केसातलं प्रोटीन कमी जातं, मुंबईतल्या संशोधकांचा २००३ चा पेपरच आहे. रात्री लावून सकाळी धुवायचं.

चिमटे_पिना
माझ्या केसांचा प्रश्न नाहीये 🙏

घानाची_सून
मी साउथ लंडनलाच असते, लेकीचे केस ४सी. गिऱ्हाईक म्हणून सांगते, गाळा नंतर, आधी हात तयार कर. हे केस पिळाचे, डोक्याचं तेल टोकापर्यंत उतरतच नाही, आणि प्रत्येक वळणावर तुटायची भीती. लेकीचे केस विंचरायचे तर आधी चार भाग करायचे, स्प्रेने ओले करायचे, भरपूर कंडिशनर लावून टोकाकडून बोटांनी गुंता सोडवत वर जायचं, मोठ्या दातांचा कंगवा मग. एका सलॉनमध्ये कोरड्या केसांत मुळापासून कंगवा घातला होता, पोरगी रडून लाल. दुसरं, वेणी घट्ट ओढली की कपाळाच्या कडेला बारीक पुटकुळ्या येतात. तेच वर्षानुवर्षं चाललं तर तिथले केस कायमचे जातात. हे सगळं एखाद्या घानाच्या नाहीतर नायजेरियाच्या बाईच्या हाताखालीच शिकता येईल, व्हिडिओ बघून नाही.

हिशेबनीस
लंडन असेल तर लायसन्सचं टेन्शन नको. हेअरड्रेसरांच्या नोंदणीचा १९६४ चा कायदा आहे, पण नोंदणी ऐच्छिक. आणि २०२१ पासून हेअरड्रेसिंगच्या राष्ट्रीय मानकांत आफ्रो केस आलेत, लेव्हल २ त्याआधीचं असेल तर तेवढं युनिट वेगळं करून घ्या. दुकानाच्या गाळ्यात सलॉन काढायला इंग्लंडमध्ये सहसा जागेचा वापर बदलायची परवानगीही लागत नाही, दोन्ही एकाच वर्गात मोडतात. पण खुर्चीला माझा विरोध आहे. बॉक्स ब्रेड्सना (डोकंभर चौकोनी भाग पाडून घातलेल्या बारीक वेण्यांना) सहा-सात तास सहज जातात, दुसऱ्याच्या सलॉनमध्ये दिवसभर खुर्ची अडवाल तर रोज वाद. दर वेणीवर नको, तासावर लावा.

घानाची_सून
खुर्ची नको म्हणून थेट गाळा? हातात शंभर रेग्युलर गिऱ्हाइकं नसताना भाडं कुठून भरायचं तिने?

हिशेबनीस
रिलॅक्सर ठेवला तर भाडं निघेल. पैसा त्यातच आहे.

रसायनवाली
बऱ्याच रिलॅक्सरमध्ये सोडियम हायड्रॉक्साइड असतं, जरा जास्त वेळ राहिलं की टाळू भाजते. शिवाय २०२२ च्या अमेरिकन अभ्यासात केस सरळ करायची केमिकल वारंवार वापरणाऱ्या बायकांत गर्भाशयाच्या कॅन्सरचं प्रमाण जास्त दिसलं. ती नाही म्हणतेय ते बरोबरच आहे.

जर्सीची_सई
एक विचारू का, राग मानू नका. हा धंदा काळ्या बायकांनी उभा केलाय. मॅडम सी. जे. वॉकर, ॲनी मलोन या अमेरिकेतल्या काळ्या उद्योजिकांनी शंभर वर्षांपूर्वी हजारो बायकांना यातून कमावतं केलं. लंडनला या केसांच्या सामानाची बरीच दुकानं आपल्या दक्षिण आशियाई लोकांची, आणि काउंटरवरच्याला कुठलं क्रीम कशाला ते सांगता येत नाही अशी तक्रार माझी तिकडची मैत्रीण नेहमी करते. आपण अजून एक पाटी लावायची का?

चिमटे_पिना
राग कसला, मी पण हाच विचार करत होते. म्हणूनच मला एकटीने नाही करायचं. पेकहॅमला एक काकू आहेत, घानाच्या, तीस वर्षं वेण्या घालतात, त्यांच्याकडे सोमवार-मंगळवार खुर्ची रिकामी असते. त्यांच्याकडेच शिकेन, भाडंही त्यांनाच देईन, आणि पुढे गाळा घेतला तर भागीदारीत, नाव त्यांचं पहिलं. गाळामालकाला आजच नाही कळवते. फक्त इन्शुरन्सचं सांगा, वेण्या आणि एक्स्टेन्शन वेगळं लिहून घ्यायचं का?

हिशेबनीस
हो, दोन्ही नावानिशी लिहून घ्या. नुसतं हेअरड्रेसिंग लिहिलं आणि पुढे कोणी केस गेले म्हणून दावा केला तर कंपनी हात वर करेल. काकूंची पॉलिसी तुम्हाला लागू होणार नाही, स्वतःची वेगळी काढा.