मदत हवी आहे: बेटाखालचं गोडं पाणी खारं झालं तर परत गोडं होतं का?

मंडळी, भूजलातलं कळणारं कोणी आहे का इथे? माझा चुलतभाऊ लक्षद्वीपला कवरत्तीत नोकरीला आहे, मागच्या अंगणातली विहीर या उन्हाळ्यात मचूळ झालीये, भांड्यांवर पांढरे डाग पडतायत. मला समजलंय ते असं की पावसाचं पाणी प्रवाळाच्या वाळूतून, चुनखडीतून मुरतं आणि खाऱ्या पाण्यापेक्षा हलकं म्हणून त्याच्यावर तरंगत राहतं, आणि घायबेन-हर्झबर्गच्या (गोडं पाणी खाऱ्यावर किती खोलपर्यंत तरंगतं ते सांगणारा नियम) हिशोबाने समुद्रसपाटीच्या वर १ फूट गोडं पाणी असेल तर खाली साधारण ४० फूट असायला हवं. पण भरती-ओहोटीला विहिरीची पातळीपण हलते, म्हणजे मधे मचूळ थर असणारच ना, मग पिण्याजोगं किती धरायचं? खालची जुनी चुनखडी भोकाभोकांची असते, तिथून समुद्र अजून आत शिरतो का? शेजाऱ्यांनी मोटर बसवलीये आणि जोरात उपसा केला की खालचं खारं पाणी वर चढतं हे माहितीये, पण उपसा थांबवला तर एका पावसाळ्यात विहीर सुधारते की वर्षं लागतात? कोणी प्रत्यक्ष काम केलं असेल तर प्लीज सविस्तर सांगा, घरात लहान बाळ आहे.