प्रीमियर पद्मिनीला डाव्या बाजूचा आरसा : दाराला भोक पाडावे की नाही?

एरंडवण्याची पद्मिनी :

नमस्कार. माझ्याकडे १९७४ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. वडिलांनी घेतली तेव्हापासून तिच्या उजव्या दारावर एकच आरसा आहे, डावे दार कोरे. वडील आयुष्यभर गाडी तशीच चालवत आले. डावीकडे वळायचे झाले की शेजारी बसलेल्या आईला ते “बघ गं, कोणी येतंय का” असे विचारत आणि आईचा शब्द अखेरचा असे. आता मी बहुतेक वेळा गाडीत एकटाच असतो. गेल्या महिन्यात कर्वे रस्त्यावर डावीकडे वळताना एक स्कूटर मागच्या दाराला घासून गेली. स्कूटरवरच्या मुलाला सुदैवाने काही लागले नाही, परंतु आवाज होईपर्यंत तो मला दिसलाच नव्हता, ही गोष्ट मनातून जात नाही.

तेव्हा डावा आरसा बसवायचा, एवढे ठरले आहे. अडचण अशी की दाराचा पत्रा मूळचा आहे, त्यावर कधी ठोकाठोकी झालेली नाही, आणि त्याला भोक पाडायला हात धजावत नाही. दाराच्या कडेला क्लॅम्पने अडकवायचा आरसा पुरेसा ठरेल का, की तो पुढच्या मडगार्डवर घ्यावा? काच सपाट असावी की बहिर्गोल? शिवाय गाडीला पन्नास वर्षे पूर्ण झाल्यामुळे तिची विंटेज म्हणून नोंदणी करण्याचा विचार आहे. आरशामुळे तिथे काही आडकाठी येईल का?

कुर्ल्याचा पानावाला :

मी अनेक वर्षे याच गाड्यांवर हात काळे केले आहेत, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. ड्रिल हातात घेण्याआधी आपण चालकाच्या आसनावर, नेहमी बसता तसे, पाठ टेकून बसा. पद्मिनीच्या पुढच्या दाराला तिकोनी क्वार्टर ग्लास आहे आणि ती व मुख्य काच यांच्यामध्ये एक उभी पट्टी आहे. उजवीकडे ही पट्टी आपल्याला कधी जाणवत नाही, पण डावा आरसा नेमका तिच्या रेषेत आला तर आरशाचा मधला भागच झाकला जातो. अनेकजण उजव्या दारावर मोजमाप घेतात आणि तेच डाव्या दारावर उतरवतात. बाहेरून गाडी सुरेख दिसते आणि आतून आरसा निरुपयोगी ठरतो. डाव्या आरशाची जागा उजव्याच्या दोन-चार इंच पुढेमागे गेली तरी चालेल. दोन्ही बाजू एकाच वेळी कोणी पाहू शकत नाही.

जागा ठरवण्यासाठी पुठ्ठ्यावर दाढीचा छोटा आरसा चिकटवा आणि दुसऱ्या माणसाला तो दाराबाहेर धरायला सांगा. पट्टीच्या पुढे, म्हणजे क्वार्टर ग्लासमधून, आणि पट्टीच्या मागे, अशा दोन्ही जागा पाहा. मागची जागा घेतली तर शेजारी बसणारा जरा पुढे झुकला की आरसा गेलाच. मी बहुधा पुढची जागा पसंत करतो.

आता भोकाविषयी. दाराच्या आतले कव्हर काढून घ्या, काच पूर्ण खाली करा आणि ती ज्या चॅनेलमधून उतरते ते बोटाने चाचपा. स्क्रूचे टोक तिकडे जाता कामा नये. पत्र्यावर कागदी चिकटपट्टी लावून त्यावर खूण करा, सेंटर पंच (खड्डा पाडायची टोकदार छिन्नी) हलकेच मारा, आधी तीन मिलिमीटरचे ड्रिल चालवा आणि मग हवे तेवढे भोक वाढवा. पंच मारला नाही तर ड्रिल घसरते आणि रंगावर जो ओरखडा उमटतो तो आयुष्यभर आपल्याकडे पाहत राहतो. भोकाची कड कानशीने साफ करून तिला प्रायमर लावा आणि तो पूर्ण वाळू द्या, कारण गंज कोऱ्या कडेपासूनच सुरू होतो. बाहेर आरशाखाली रबर पॅकिंग आणि आतून पत्र्याला दोन मिलिमीटरची पट्टी हवीच. ही पट्टी टाळली तर दार आपटले की पातळ पत्रा लवतो आणि गाडी इंजिन चालू ठेवून उभी असताना आरशातली प्रतिमा थरथरते.

भिंग आणि आरसे :

काचेचा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. (मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवत असे, तेव्हा थोडी आकडेमोड सहन करावी.) उजवा आरसा डोळ्यांपासून जवळ असतो. डावा मात्र, गाडीची रुंदी दीड मीटरहून थोडी कमी धरली, तरी साधारण १.२ मीटर लांब जातो. १२ सेंटिमीटर रुंदीच्या सपाट काचेतून एवढ्या अंतरावरून एका डोळ्याला ढोबळमानाने सहा अंशांचीच पट्टी दिसते. त्या पट्टीत मागून येणारी बस मावेल, पण दाराजवळ आलेली स्कूटर मावणार नाही. तीच काच १.२ मीटर वक्रता-त्रिज्येची बहिर्गोल असेल तर दिसणारा कोन सुमारे सतरा अंशांवर जातो. म्हणजे आरशाचा आकार न वाढवता जवळपास तिप्पट रस्ता दिसतो.

याची किंमतही मोजावी लागते. बहिर्गोल काचेत वाहन लहान आणि म्हणून दूर भासते. आपल्या उजव्या आरशाची काच सपाट असेल, तर एकच मोटारसायकल दोन आरशांत दोन वेगवेगळ्या अंतरांवर असल्यासारखी वाटेल. पहिले काही दिवस डाव्या आरशावरून केवळ “कोणी आहे की नाही” एवढेच ठरवावे आणि अंतराचा अंदाज आतल्या आरशातून घ्यावा. काच फार फुगीर मात्र घेऊ नये, कारण तिच्यात सगळेच दिसते आणि काहीच कळत नाही.

मूळ रूप :

माझे मत वेगळे आहे आणि ते स्पष्टच मांडतो. नोंदणीपुरते बोलायचे तर आपण निश्चिंत असावे. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे झालेली, व्यावसायिक वापरात नसलेली दुचाकी किंवा चारचाकी विंटेज ठरते. ती मूळ स्वरूपात असावी आणि चासी, बॉडी शेल (गाडीचा पत्र्याचा सांगाडा) किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. आरशाला कोणी बॉडी शेलमधला मोठा फेरफार म्हणेल, असे मला वाटत नाही. परंतु ही नोंदणी झाल्यावर गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, देखभाल, इंधन अशा कारणांपुरतीच ती फिरवता येते. आपण कर्वे रस्त्यावर नेहमी जात असाल, तर आरशाआधी या गोष्टीचा विचार करावा.

नियम आड येत नाही म्हणून पन्नास वर्षे अभंग राहिलेल्या दाराला भोक पाडावे, हे मात्र मला पटत नाही. क्लॅम्पचा आरसा आधी वापरून पाहावा. क्लॅम्पच्या जबड्यात सायकलच्या ट्यूबचा तुकडा घातला की रंग दुखावत नाही. तो महिन्यातून एकदा सैल होतो, हे मान्य. पण पान्याने आवळता येतो. पाडलेले भोक पुन्हा भरून काढायचे तर वेल्डिंग आणि रंगकाम आले.

म्हापशाहून :

मडगार्डवरच्या आरशाविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून माझा अनुभव सांगतो. पद्मिनीच्याच घराण्यातल्या माझ्या फियाटला मी दोन्ही मडगार्डांवर गोल आरसे लावले होते. पुढच्या काचेतून, वायपर फिरतो त्या भागातून ते दिसत, त्यामुळे गोव्याच्या पावसातही त्यांचा उपयोग होई. क्वार्टर ग्लासवरचे थेंब पुसायला कोणी नसते. मानही फारशी वळवावी लागत नाही. परंतु आरसा आणखी दूर गेल्याने त्यात सगळे बारीक दिसते, आणि बाजारात गाडी उभी केली की कोणी ना कोणी तो फिरवून जातो. मग दोघे लागतात : एक आत बसून सांगणारा, एक बाहेर हलवणारा. शिवाय चाकाचा चिखल खालून थेट त्या भोकावर उडतो. दोन पावसाळ्यांनंतर तिथला पत्रा पापडासारखा झाला होता.

आणखी एक. ज्यांच्याकडे ‘डुक्कर फियाट’ (पद्मिनीच्या आधीची जुनी फियाट) आहे, त्यांच्या पुढच्या दाराची बिजागरी मागे असते. तिथे दाराच्या पुढच्या टोकाला आरसा लावला तर दार मिटताना सगळा हादरा त्यालाच बसतो.

एरंडवण्याची पद्मिनी :

सर्वांचे आभार. रविवारी पुठ्ठा आणि दाढीचा आरसा घेऊन प्रयोग केला. भाचीला स्कूटर घेऊन मागच्या चाकाच्या डावीकडे, हातभर अंतरावर उभे केले. सपाट काचेत फक्त तिच्या मागची भिंत दिसली. नंतर नाना पेठेतून आणलेला बहिर्गोल आरसा त्याच जागी धरला, तेव्हा तिचे हेल्मेट, हँडल आणि पुढचे चाक असे सगळे दिसले. पट्टीचा मुद्दा तर शब्दशः खरा निघाला : उजव्या दाराचे माप जसेच्या तसे घेतले असते तर हेल्मेट पट्टीमागे गेले असते.

‘मूळ रूप’ यांचा सल्ला मानून सध्या क्लॅम्पचाच आरसा लावला आहे, ट्यूबच्या तुकड्यासह. विंटेज नोंदणीचा विचार तूर्त बाजूला ठेवला आहे, कारण गाडी चालवायचीच आहे. क्लॅम्प दाराच्या कडेलाच बसत असल्याने नेमकी जागा मिळाली नाही, आणि इंजिन मंद चालत असताना प्रतिमा बरीच हलते. पावसाळ्यापर्यंत पाहतो. पत्र्यावर पेन्सिलची खूण मात्र करून ठेवली आहे.

कुर्ल्याचा पानावाला :

पेन्सिलची खूण पहिल्या धुण्यात जाईल. तिच्यावर चिकटपट्टीचा तुकडा लावा, आणि क्वार्टर ग्लासच्या कोपऱ्यापासून तिचे आडवे-उभे माप वहीत लिहून ठेवा.