मदत हवी आहे: इंग्लिश उमरावांच्या मृत्युतारखा आणि मठांची इतिवृत्तं

नमस्कार मंडळी,

मराठी विकिपीडियासाठी तेराव्या शतकातल्या काही इंग्लिश उमरावांवर छोटे लेख लिहायला घेतले आहेत. जन्मतारखा बहुतेकांच्या मिळतच नाहीत, त्या सोडून दिल्या. गाडं अडलंय ते मृत्यूच्या तारखांवर. जालावरच्या वंशावळी एकमेकींवरून उतरवलेल्या, म्हणून मठांच्या इतिवृत्तांकडे वळलो, तर गुंता वाढलाच.

विल्यम लाँगस्पे घ्या. सॉल्झबरीचा अर्ल, दुसऱ्या हेन्रीचा अनौरस मुलगा. वारला ७ मार्चला, यावर एकमत. साल मात्र कुठे १२२५, कुठे १२२६, कुठे '१२२५/२६'. सेंट ऑल्बन्स मठातला रॉजर ऑफ वेंडोव्हर त्याच्याविषयी भरभरून लिहितो. गॅस्कनीहून परतताना अर्ल वादळात सापडला. इकडे तो मेला असं समजून राजाचा मुख्य कारभारी ह्यूबर्ट द बर्ग याच्या नात्यातल्या एकाने त्याच्या बायकोला मागणी घातली. अर्ल जिवंत परतला, राजाकडे तक्रार गेली, ह्यूबर्टने समेटाची मेजवानी दिली आणि त्यानंतर अर्लाने अंथरूण धरलं ते कायमचंच. विषप्रयोगाचा संशयही वेंडोव्हर नोंदवतो. (१७९१ मध्ये थडगं उघडलं तेव्हा कवटीत मेलेला उंदीर निघाला, त्यात सोमल सापडला म्हणे. उंदराच्या पोटातल्या सोमलावरून अर्लाच्या मृत्यूचं कारण ठरवणं मला तरी जड जातं.) इतकं रंगवून सांगणाऱ्याच्या सालावर विसंबावं का?

दुसरी इझाबेल मार्शल, तिसऱ्या हेन्री राजाचा भाऊ रिचर्ड ऑफ कॉर्नवॉल याची पत्नी. १७ जानेवारीला बाळंतपणात गेली. साल १२३९ की १२४०? तिला ट्यूक्सबरीला पहिल्या नवऱ्याशेजारी जागा हवी होती. रिचर्डने देह ब्यूलीच्या मठात पुरला आणि हृदय तेवढं ट्यूक्सबरीला धाडलं.

तिसरा चेस्टरचा अर्ल रॅनल्फ. साल १२३२ नक्की, पण २६ ऑक्टोबर की २८?

लिहिणारा वर्ष कधीपासून मोजतो हे कसं ओळखायचं? आणि तारखाच जुळत नसतील तर कोणाची धरायची? जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

प्रतिसाद १

लाँगस्पेचं १२२६ बिनधास्त लिहा. त्या काळी इंग्लंडात बरेच जण २५ मार्चला नवं साल धरत, त्यामुळे जानेवारी ते मार्चमधले मृत्यू एक साल मागे पडलेले दिसतात. सुरतेच्या लुटीवरची इंग्रज वखारवाल्यांची पत्रं पाहिली असतील तर हा घोळ ओळखीचा वाटेल: घटना जानेवारी १६६४ ची, त्यांच्या हिशेबी साल अजून १६६३. वेंडोव्हर आणि त्याच्यामागून लिहिणारा मॅथ्यू पॅरिस मात्र प्रत्येक वर्षाची सुरुवात राजाने नाताळ कुठे साजरा केला इथून करतात. त्यांच्याकडे मार्च महिना आपल्या आजच्याच सालात येतो. कहाण्या रंगवतात, पण म्हणून त्यांचं कॅलेंडर टाकाऊ ठरत नाही.

खरं तर इथे वेंडोव्हरची गरजही नाही. १२२५ च्या वसंतात हाच अर्ल रिचर्डबरोबर गॅस्कनीच्या मोहिमेवर गेला. शिवाय त्याला पुरलं सॉल्झबरीच्या नव्या कॅथेड्रलमध्ये, आणि तिथल्या पहिल्या वेदींचा अभिषेकच २८ सप्टेंबर १२२५ चा. आणखी हवं असेल तर वार तपासा. सॉल्झबरीच्या डीनच्या वृत्तांतात अर्ल परतला तो १० जानेवारी, शनिवार. १२२६ मध्ये त्या तारखेला शनिवारच येतो, १२२५ मध्ये शुक्रवार.

इझाबेलसाठीही हीच युक्ती. राजपुत्र एडवर्डचा जन्म १७ जून १२३९ चा, त्यात शंका नाही. एखाद्या इतिवृत्तात १२३९ खाली आधी एडवर्डचा जन्म आणि मग जानेवारीतला इझाबेलचा मृत्यू असेल, तर तो लेखक २५ मार्चवाला समजा. आपल्या हिशेबी ते १२४०.

प्रतिसाद २

रॅनल्फबद्दल. कॅलेंड्सच्या (महिन्याच्या पहिल्या तारखेपासून मागे मोजायच्या रोमन) हिशेबात २६ ऑक्टोबर म्हणजे नोव्हेंबरच्या कॅलेंड्सआधीचा सातवा दिवस, २८ म्हणजे पाचवा. मोजताना दोन्ही टोकं धरतात. रोमन आकड्यात सात आणि पाच यांच्यात दोन उभ्या रेघांचा फरक. नकलनविसाच्या हातून त्या सुटणं किंवा जादा पडणं अगदी शक्य आहे. त्यातून तिसऱ्या हेन्रीचं राज्यवर्ष (राज्याभिषेकापासून मोजलेलं वर्ष) २८ ऑक्टोबरलाच बदलतं, म्हणजे तुमच्या दोन तारखा सोळाव्या आणि सतराव्या अशा दोन राज्यवर्षांत पडतात. सरकारी कागद वाचताना हे ध्यानात असू द्या.

मृत्यू आणि दफन यांचीही गल्लत होते. रॅनल्फची आतडी वॉलिंगफर्डला, हृदय डिउलाक्रेसच्या मठाला, देह चेस्टरला. तीन ठिकाणच्या भिक्षूंना तीन वेगवेगळे दिवस महत्त्वाचे वाटले तर नवल नाही. मठांच्या स्मरणयाद्या तर वार्षिक प्रार्थनेसाठी असत, त्यात दिवस असतो, साल नसतंच.

मी स्वतः आधी राजाच्या दफ्तराकडे जातो. अर्ल मेला की जमिनी ताब्यात घ्यायचा हुकूम लगेच सुटायचा, त्यामुळे निदान 'या तारखेच्या आत मेला' एवढं पक्कं होतं. साधारण १२३६ नंतरच्या लोकांसाठी मृत्यूनंतरच्या जमीन-चौकशीचे कागद मिळू लागतात, वारसाच्या वयासकट. तुमच्या रॅनल्फला ती सोय नाही. हेन्री तिसऱ्याचे फाइन रोल्स (राजाला देऊ केलेल्या रकमा आणि त्याचे हुकूम यांच्या सरकारी नोंदी) मात्र इंग्रजी भाषांतरासह जालावर मोफत आहेत.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. लाँगस्पे १२२६, इझाबेल १२४० असं लिहून टाकतो आणि '१२२५/२६' का दिसतं ते तळटीपेत देतो. फाइन रोल्समध्ये ऑक्टोबर-नोव्हेंबर १२३२ चे हुकूम आज रात्री चाळतो. तोवर रॅनल्फपुढे दोन्ही तारखा राहू देत. चेस्टरच्या मठाच्या वार्षिक नोंदींचा लॅटिन मजकूर कोणाकडे असेल तर तिथला आकडा कसा छापलाय, तेवढं कृपया पाहून सांगा.