गप्प बसलेल्या 'क'चं काय करायचं?

प्रश्न: बेटावर काही जण कायम खरं बोलतात, बाकीचे कायम खोटं. अ म्हणतो, "ब खोटारडा आहे." ब म्हणतो, "अ आणि क एकाच प्रकारचे." क गप्प. क कोण, ते ओळखायचंय. पण माझं घोडं अ-पाशीच अडलंय. अ खरा धरला तरी जमतं, खोटा धरला तरी जमतं. कोडं अर्धवट आहे का?

उत्तर: अजिबात नाही. अ खरा, तर ब खोटा. म्हणजे अ-क वेगळे, म्हणून क खोटारडा. अ खोटा, तर ब खरा. म्हणजे अ-क सारखे, क पुन्हा खोटारडाच! अ-ब चा निकाल लागत नाही, लागायची गरजही नाही. सोडा त्यांना.

प्रश्नकर्ता: म्हणजे ज्यानं तोंडच उघडलं नाही तोच पकडला गेला? भारी!

आणखी एक उत्तर: अशा कोड्यांत मी तर आधी "मी खोटारडा आहे" हे वाक्य कुणाच्या तोंडी घातलंय का ते बघते. ते बेटावर कुणालाच बोलता येत नाही: खऱ्यानं म्हटलं तर खोटं, खोट्यानं म्हटलं तर खरं. त्यामुळे "अ स्वतःला खोटारडा म्हणाला" असं ब सांगत असेल, तर ब तिथेच सापडला.