पाच एकर लांबचं की दीड एकर जवळचं?

रानवारा:
नमस्कार मंडळी. शहराबाहेर मोकळ्या जागेसह घर शोधतोय. बघून बघून आता दोनच उरलीत आणि आमच्या घरात दोन तट पडलेत, म्हणून इथे विचारते.

पहिलं पाच एकरांचं, ऑफिसपासून 32 किलोमीटर. जुनं बैठं घर, पण भक्कम. पाणी बोअरचं, सांडपाण्याला सेप्टिक टाकी आणि पुढे झिरपायला चर. आत यायचा कच्चा रस्ता शेजाऱ्याच्या जमिनीतून येतो. मागे ओढा, दाट झाडी. नवरा बघताक्षणीच घायाळ.

दुसरं दीड एकर, 12 किलोमीटर. नळाचं पाणी, फायबर इंटरनेट, दारापर्यंत डांबरी रस्ता. किमतीत फारसा फरक नाही. खोट एकच, हमरस्ता 400 मीटरवर आहे. आणि शेजारची मोठी जमीन रिकामी पडलीये, तिथे उद्या काय उभं राहील देव जाणे.

मी आठवड्यातून तीन दिवस ऑफिसला जाते. नवरा घरूनच काम करतो, दिवसभर व्हिडिओ कॉल. मुलं शाळेत. सासूबाई पंचाहत्तरीच्या, हृदयाचा त्रास आहे. मला भाजीचा मळा, चार फळझाडं आणि भिंतीपलीकडच्या टीव्हीपासून सुटका हवीये. नवऱ्याला ‘जमीन’ हवीये. कशाला, असं विचारलं की तो ट्रॅक्टरचे व्हिडिओ दाखवतो.

जाणकारांनी सांगा, आम्ही नेमकं काय बघायचं?

खोलविहीर:
ताई, तुमच्या यादीत एकर आहेत, किलोमीटर आहेत, पण भर उन्हाळ्यात ती बोअर मिनिटाला किती लिटर देते हा आकडाच नाही. आधी तो आणा, मग नवराबायकोत भांडा. माझी हयात पंपदुरुस्तीत गेली आणि मी स्वतः असल्याच जागेत राहतो, त्यामुळे जरा लांबण लावणार आहे.

मिनिटाला 10 लिटर म्हणजे चोवीस तासांत 14,400 लिटर. तुमच्या घराला उदंड झालं. मिनिटाला 3 लिटर असेल तर दिवसाला 4,320. साठवणीची मोठी टाकी असेल तर घर आरामात चालेल, फळझाडांचं मात्र विसरा. टाकीच नसेल तर सकाळी दोन बाथरूम आणि कपड्यांचं मशीन एकदम सुरू झालं की कोणीतरी अंगाला साबण लावून ओरडत उभं राहणार. विकणारा सांगतो, “पाणी कधी कमी पडलं नाही.” खरंही असेल त्याचं. पण त्या घरात माणसं किती राहत होती, हे विचारा.

शहरातून येणाऱ्यांच्या डोक्यात न येणारी गोष्ट म्हणजे वीज गेली की पाणीही जातं, कारण मोटरच बंद. जनरेटर घ्याल तर नुसत्या दिव्यांच्या हिशेबाने घेऊ नका. मोटर सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट करंट ओढते. लहान जनरेटर तिथेच मान टाकतो. तो रस्ता विजेच्या लाइनचं शेवटचं टोक असेल तर दुरुस्तीला गाडी सगळ्यात शेवटी तुमच्याकडे येणार, हेही धरून चाला.

आता चर. टाकीतून निघालेलं पाणी जमिनीने प्यायला हवं. चिकणमाती असेल तर ती पीत नाही. चरांवरून चालून बघा. तिथलं गवत आजूबाजूपेक्षा गर्द हिरवं असेल आणि पायाखाली चपचपत असेल, तर ते चर भरत आलेत असं समजा. नवे चर घालायला दुसरी जागा आहे का, तेही बघायचं. पाच एकरांतला ओढ्याकाठचा भाग, उताराचा भाग, बोअरजवळचा भाग त्यासाठी बाद होतो. चरांपासून बोअर निदान 100 फूट लांब हवी. टाकीतला गाळ साधारण 3 ते 5 वर्षांनी उपसावा लागतो. शेवटचा कधी उपसला, त्याची पावती मागा. आणि तुमच्या यजमानांना आत्ताच सांगून ठेवा, चरांवरून ट्रॅक्टर न्यायचा नाही. माती दबली की कारभार आटोपला.

ओढा सुंदर दिसतोच. पण काठच्या झाडांना आणि कुंपणाच्या तारेला अडकलेला काडीकचरा किती उंचीवर आहे ते बघा. पूर कुठवर चढतो ते तिथे लिहिलेलं असतं, विकणाऱ्याला तोंड उघडायची गरज नाही.

रस्त्याचं थोडक्यात सांगतो. शेजाऱ्याच्या जमिनीतून जायचा हक्क नोंदणी झालेल्या कागदावर आहे का? रुंदी लिहिलीये का? खड्डे कोणी बुजवायचे? हे वकिलाकडून तपासून घ्या. “आमचे चांगले संबंध आहेत” हा कागद नव्हे. अग्निशमनाचा बंब त्या रस्त्याने आत येऊन वळू शकला पाहिजे.

राहता राहिला एकरांचा सोस. 21 इंची यंत्राने एक एकर गवत कापायचं म्हणजे साडेसात किलोमीटर चालायचं, तेही ढकलत. पाच एकरांपैकी दोन जरी गवत असलं तरी यजमानांच्या व्हिडिओंना अर्थ आहे, एवढं कबूल करतो.

रात्रपाळी:
मी नर्स आहे, तर फक्त सासूबाईंबद्दल बोलते. ऑफिस किती लांब ते तुम्ही लिहिलंत, रुग्णवाहिका कुठून निघते ते लिहिलं नाहीत. हॉस्पिटल आणि रुग्णवाहिकेचा तळ एका जागी असतातच असं नाही. शिवाय जवळचं हॉस्पिटल अँजिओप्लास्टी करणारं आहे का, तेही विचारा.

हृदय अचानक बंद पडलं तर छाती दाबणं आणि विजेचा झटका मिळेपर्यंतच्या दर मिनिटाला वाचण्याची शक्यता 7 ते 10 टक्क्यांनी घटते. म्हणजे तेवढ्यापुरतं बोलायचं तर 12 किलोमीटरही लांबच आहेत. घर कुठलंही घ्या, तुम्ही दोघं आणि मोठं मूल सीपीआर, म्हणजे तेच छाती दाबणं, शिकून घ्या.

पण हृदयविकाराचा झटका येणं आणि हृदय बंद पडणं वेगळं. छातीत दुखायला लागलं, धाप लागली, असं कितीतरी वेळा होतं, आणि तिथे अर्ध्या तासाचा फरक खूप मोठा. घराच्या आत, सासूबाईंच्या खोलीत, फोनला रेंज आहे का? फाटकावरचा घराचा नंबर रात्री हेडलाइटमध्ये वाचता येतो का? अंधारात फाटक शोधण्यात गेलेला वेळ मी पेशंटच्या कागदांवर वाचलाय.

उंबरठा:
माझं मत दीड एकराला. मळ्याला आणि चार झाडांना अर्धा एकरही पुष्कळ झाला. तुमच्या वाढीव 20 किलोमीटरचं गणित करा: जाऊन-येऊन 40, आठवड्याला 120, वर्षाचे 46 आठवडे धरले तर साडेपाच हजार किलोमीटर जास्त. मुलांचे क्लास, मित्र, दवाखाना अजून धरलेच नाहीत. मुलं मोठी होऊन स्वतः गाडी चालवेपर्यंत त्यांचे ड्रायव्हर तुम्हीच.

फक्त हमरस्त्याचा आवाज हलक्यात घेऊ नका. सलग वाहत्या रस्त्याचा आवाज अंतर दुप्पट केलं तरी साधारण 3 डेसिबलनेच कमी होतो, म्हणजे घर 800 मीटरवर असतं तरी फार मोठा फरक पडला नसता. रांगेने झाडं लावून आवाज अडत नाही, डोळ्यांना बरं वाटतं इतकंच. मातीचा उंच बांध जास्त कामाचा. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री थंड हवा जमिनीलगत साचते आणि आवाज लांबवर पोचतो. तेव्हा जाऊन अंगणात अर्धा तास गप्प बसा. दलाल नेमकी दुपारची वेळ देतो.

रिकाम्या जमिनीचं तर्क करत बसण्यापेक्षा नियोजन कार्यालयात विकास आराखडा बघा. तिथे निवासी, औद्योगिक की शेती ते रंगवलेलं असतं.

रानवारा:
बाप रे, सगळ्यांचे आभार! आज आम्ही दोघं पुन्हा पाच एकरांवर गेलो. तारेतला कचरा माझ्या कमरेएवढ्या उंचीवर निघाला. घर त्याच्या बरंच वर आहे, पण फळझाडांची म्हणून मी मनात धरलेली जागा नेमकी खाली आहे. सासूबाईंच्या खोलीत रेंज शून्य, खिडकीत एक दांडी. नवरा जरा गप्प आहे. त्याचं म्हणणं, उपग्रहाचं इंटरनेट घेऊ. विकणाऱ्याने पाण्याचा अहवाल दिलाय, दोन वर्षांपूर्वीचा. चालेल का?

खोलविहीर:
दोन वर्षांपूर्वीचा अहवाल जंतूंसाठी कवडीमोल. तुम्ही स्वतः नवीन चाचणी करा आणि सौदा तिच्या निकालावर अवलंबून ठेवा, तसं करारात लिहून घ्या. जंतू, नायट्रेट, फ्लोराइड, आर्सेनिक एवढं तरी हवंच. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला नायट्रेट 50 मिलिग्रॅम, फ्लोराइड दीड. नायट्रेट उकळून जात नाही, उलट पाणी आटतं तसं त्याचं प्रमाण वाढतं.

इंटरनेटचं: जुन्या पद्धतीचे उपग्रह सुमारे 36,000 किलोमीटरवर असतात, त्यावर बोलताना अर्ध्या सेकंदाहून जास्त उशीर होतो. दिवसभर कॉल करणारा माणूस वेडा होईल. साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास फिरणाऱ्यांवर कॉल नीट चालतात, पण त्यांना मोकळं आभाळ लागतं. यजमान ज्या झाडीवर भाळले तीच आड येईल, नाहीतर उंच खांब उभारा.

माझं विचाराल तर सासूबाई सोबत असताना मी दीड एकर घेईन, मात्र रात्रीचा आवाज ऐकून आणि आराखडा बघून मगच. तरीही पाच एकरांवर मन अडलं असेल तर चार तास सलग पंप चालवून घ्या, पाण्याची पातळी किती उतरते आणि बंद केल्यावर किती वेळात परत वर येते ते लिहून ठेवा. जंतूंच्या नमुन्याला बाटली प्रयोगशाळेचीच निर्जंतुक घ्या. नळाची जाळी काढा, पाणी काही मिनिटं वाहू द्या, मग भरा, थंड ठेवा आणि 24 तासांच्या आत पोचवा. शुक्रवारी भरू नका, शनिवार-रविवार प्रयोगशाळा बंद असली तर नमुना फुकट जाईल.