छोटा विजेवरचा डीप फ्रायर: घरच्या तळणीसाठी घ्यावा का?

निळीशाई

नमस्कार. आम्ही पुण्यात राहतो. घरात आम्ही दोघे आणि सासूबाई अशी तीनच माणसे आहेत. सासूबाईंची पंचाहत्तरी उलटली असल्यामुळे गॅससमोर फार वेळ उभे राहणे त्यांना झेपत नाही, मात्र तळणीची हौस आणि हातातले कसब दोन्ही शाबूत आहेत. त्यांना बसल्या जागी निवांत तळता यावे, या हेतूने मी एक छोटा विजेवरचा डीप फ्रायर पाहून ठेवला आहे. त्यात दोन लिटर तेल मावते, तो १८०० वॉटचा आहे, तापमान १३० ते १९० अंश सेल्सिअसच्या दरम्यान ठरवता येते आणि सोबत जाळीची एक टोपली मिळते.

दिवाळीचा फराळ, विशेषतः चकली आणि अनारसे, यात नीट होतात का? एरवीची भजी, वडे, पुऱ्या यांसाठी त्याचा उपयोग कितपत होतो? स्वयंपाकघरातल्या नेहमीच्या पॉइंटवर तो चालतो का? प्रत्यक्ष वापरणाऱ्यांनी कृपया लिहावे. एअर फ्रायर आमच्याकडे आहे. त्यात चकली तळली जात नाही, भाजली जाते, यावर घरात एकमत आहे, त्यामुळे तो पर्याय सुचवू नये ही विनंती.

वाळवण

ठाण्याला आमच्या घरी असा फ्रायर बरीच वर्षे नियमित वापरात आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

भजी, साबुदाणा वडे, बटाट्याचे काप, कटलेट हे पदार्थ यात उत्तम होतात, कारण आच सारखी कमी-जास्त करावी लागत नाही आणि शेवटचा घाणाही पहिल्यासारख्याच रंगाचा निघतो. बटाटेवड्यांच्या बाबतीत मात्र एक पथ्य पाळावे लागते. वडा पिठात बुडवून टोपलीत ठेवला आणि मग टोपली तेलात सोडली, तर ओले पीठ जाळीच्या तारांना धरते, तिथेच शिजते आणि वडा काढताना त्याचे खालचे आवरण जाळीला चिकटून राहते. टोपली आधीच तेलात सोडून ठेवावी, वडा हाताने अलगद तेलात सोडावा आणि पीठ आवळेपर्यंत टोपलीला हात लावू नये. माझे मत विचाराल तर पीठ लावलेल्या कोणत्याही पदार्थासाठी टोपली काढूनच ठेवावी आणि नेहमीचा झारा वापरावा.

चकलीसाठी मी तापमान १६५ ते १७० अंशांच्या आसपास ठेवते. चकली आत सोडल्यावर आधी जोराने बुडबुडे येतात, मग ते बारीक होत होत जवळजवळ थांबतात. ते थांबले की चकली झाली, हा जुना नियम इथेही तसाच लागू पडतो. यंत्राचा दिवा तेल तापल्याचे सांगतो, चकली झाल्याचे सांगत नाही. अडचण आहे ती जागेची. या आकाराच्या फ्रायरचे तोंड लहान असल्यामुळे एका वेळी चार-पाच चकल्याच मावतात, त्याहून जास्त घातल्या तर त्या एकमेकींवर चढून मोडतात आणि तेल निवून मऊ पडतात. किलोभर भाजणीच्या चकल्या करायच्या असतील तर पसरट कढईच बरी. पावशेर-अर्धा किलो भाजणी दर पंधरवड्याला ताजी तळणार असाल, तर मात्र फ्रायरसारखी सोय नाही.

पुरीसाठी घेऊ नये. पुरी तेलात सोडल्याबरोबर झाऱ्याने हलकेच दाबावी लागते, तिच्यावर तेल उडवावे लागते, आणि या अरुंद, खोल भांड्यात झारा आडवा फिरतच नाही. अनारशांचे तर नावच नको. अनारसा खसखशीची बाजू वर ठेवून, न उलटता, वरून झाऱ्याने तेल किंवा तूप सोडत मंद आचेवर तळतात, आणि तो हसायला, म्हणजे तेलात फुटून पसरायला लागला तर त्याच क्षणी आच बदलावी लागते. फ्रायरचे तापमान इतक्या चटकन खाली येत नाही. शिवाय तुपात तळण्याची पद्धत असेल, तर थिजलेले तूप किंवा वनस्पती तूप थेट फ्रायरमध्ये घालून बटण सुरू करू नये. तापणाऱ्या नळीभोवतीचे तूप जागच्या जागी करपते. ते आधी वेगळ्या भांड्यात पातळ करून मगच ओतावे लागते.

नळी तेलात बुडलेली असणारा प्रकार घ्यावा, तळाखालून तापणारा शक्यतो टाळावा. नळी तळापासून थोडी वर असते, त्यामुळे तिच्या खालचे तेल तुलनेने थंड राहते आणि भाजणीचा चुरा, बेसनाचे थेंब तिथे जाऊन बसतात. ते करपत नाहीत म्हणून तेलही लवकर काळे पडत नाही.

तारयंत्र

विजेच्या बाजूने लिहितो. १८०० वॉट म्हणजे २३० व्होल्टला जवळजवळ ८ अँपिअर प्रवाह. घरातला छोटा पॉइंट ६ अँपिअरचा असतो, त्यावर हा फ्रायर चालवू नये. मायक्रोवेव्ह किंवा गिझरला असतो तसा १६ अँपिअरचा, अर्थिंग असलेला पॉइंटच हवा. एक्स्टेन्शन बोर्ड पूर्णपणे वर्ज्य. बोर्ड गरम होतो हे एक कारण आहेच, पण लोंबणाऱ्या वायरीत पाय अडकून उकळत्या तेलाचे भांडे अंगावर येणे हा त्याहून मोठा धोका आहे. काही फ्रायरना चुंबकाने चिकटणारी वायर असते, ती ओढ बसताच सुटते. मिळाल्यास तोच घ्यावा.

आता क्षमतेविषयी. डब्यावरचे ‘दोन लिटर’ हे तेलाचे माप असते, पदार्थाचे नव्हे. तळताना उष्णतेचा मोठा भाग पदार्थातले पाणी उकळून बाहेर काढण्यात खर्च होतो. १०० ग्रॅम पाण्याची वाफ करायला सुमारे २२६ किलोज्यूल उष्णता लागते, आणि १८०० वॉटच्या नळीला तेवढी उष्णता द्यायला दोन मिनिटांहून अधिक वेळ हवा. दोन लिटर तेल २० अंशांनी निवले तरी त्यातून जेमतेम ७५ ते ८० किलोज्यूल मिळतात. म्हणजे तेलाच्या साठ्यावर विसंबून भरमसाट माल घातला, तर तापमान घसरते, वाफेचा जोर कमी पडतो आणि तेल पदार्थात शिरते. दोन लिटरच्या फ्रायरमध्ये एका वेळी पावशेराहून जास्त ओला पदार्थ घालू नये आणि दोन घाण्यांच्या मध्ये दिवा पुन्हा लागेपर्यंत थांबावे. गोठवलेले तयार पदार्थ असतील तर त्याच्याही निम्मेच घालावेत.

खरेदी करताना दोन गोष्टी अवश्य विचाराव्यात. तापमान राखणाऱ्या थर्मोस्टॅटशिवाय अतितापमानाला वीज तोडणारी दुसरी, स्वतंत्र यंत्रणा आहे का? आणि नळीचा भाग तेलाच्या भांड्यातून उचलून वेगळा करता येतो का? थर्मोस्टॅट चिकटून बसला तर तेल तापतच राहते, आधी धुरावते आणि नंतर पेट घेते; दुसरी यंत्रणा त्यासाठी असते. तेल किमान खुणेच्या खाली असताना फ्रायर सुरू करू नये, कारण उघडी पडलेली नळी भलतीच तापते. पेट घेतलाच तर वीज मुख्य बटणापासून बंद करून घट्ट झाकण ठेवावे, भांडे हलवू नये, आणि पाणी तर अजिबात टाकू नये. पाण्याची वाफ होताना आकारमान सुमारे १७०० पट वाढते आणि ती वाफ जळते तेल छतापर्यंत उडवते.

एक सूचना आगाऊपणाची वाटेल, तरी करतो. बसल्या जागी तळण्याची कल्पना सोडून द्यावी. जेवणाच्या टेबलावर फ्रायर आणि समोर खुर्चीत माणूस, अशा मांडणीत तेल सांडले तर ते थेट मांडीवर येते आणि वयस्कर माणसाला झटकन उठून बाजूला होता येत नाही. फ्रायर ओट्यावर, भिंतीलगत असावा. सासूबाईंनी बाजूला बसून चकल्या पाडाव्यात, तळणाऱ्याने उभे राहावे.

कालवाकाठ

आम्ही नेदरलँड्समध्ये राहतो. इथे आणि शेजारच्या बेल्जियममध्ये डीप फ्रायर घरोघरी असतो, त्यामुळे थोडी भर घालतो. इथल्या पद्धतीने बटाट्याचे काप दोनदा तळतात: आधी १५० ते १६० अंशांना मऊ होईपर्यंत, मग निवू देऊन दुसऱ्यांदा १७५ अंशांना कुरकुरीत होईपर्यंत. ही युक्ती मी कडक कचोरीसाठीही वापरतो आणि ती चांगली लागू पडते.

१७५ अंशांच्या वर जाऊ नये असे इथे वारंवार सांगितले जाते. पिष्टमय पदार्थ जास्त तापमानाला तळले की अ‍ॅक्रिलामाइड नावाचे अपायकारक द्रव्य अधिक तयार होते, म्हणून युरोपीय संघाने २०१७ मध्ये खाद्य-व्यावसायिकांसाठी जे नियम केले, त्यांत बटाट्याचे काप तळताना हीच मर्यादा सुचवलेली आहे. बटाटे फ्रीजमध्ये ठेवले की त्यांतली साखर वाढते आणि काप लवकर तपकिरी होतात, तेव्हा तळायचे बटाटे बाहेरच ठेवावेत. रंग सोनेरी असावा, गडद तपकिरी नको.

वासाबद्दल दुकानदार जे सांगतात त्यावर फार विश्वास ठेवू नये. झाकणातली जाळी वास कमी करते, घालवत नाही. आमचे स्वयंपाकघर दिवाणखान्याला जोडलेले असल्यामुळे आम्ही चांगल्या हवेत फ्रायर गच्चीवर नेतो, मात्र पावसाचा थेंबही त्यात पडणार नाही अशा ठिकाणी.

निळीशाई

सर्वांचे मनःपूर्वक आभार. खुर्चीची कल्पना रद्द केली आहे, आणि अनारसे कढईतच होतील असे सासूबाईंनी हा धागा वाचायच्या आधीच जाहीर केले होते. आता एकच शंका उरते. कढईत आम्ही अर्धा लिटर तेलात काम भागवतो; इथे प्रत्येक वेळी किमान खुणेपर्यंत म्हणजे दीड लिटर तेल भरावेच लागेल. तिघांच्या घरात एवढ्या तेलाचे पुढे काय करायचे?

खलबत्ता

माझ्या मते हा फ्रायर घ्यावा की नाही, हे याच प्रश्नावर ठरवावे. मी अन्नतंत्रज्ञान शिकवते, म्हणून थोडे नेमके सांगते.

तेल तीन गोष्टींनी बिघडते: पदार्थातले पाणी, हवा आणि उष्णता. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने तळणीच्या तेलातील एकूण ध्रुवीय संयुगांची (म्हणजे तेल बिघडताना त्यात तयार होणाऱ्या द्रव्यांची) मर्यादा २५ टक्के ठरवली असून ती १ जुलै २०१८ पासून लागू आहे. घरी हे मोजण्याचे साधन नसते, त्यामुळे लक्षणांवरून ओळखावे लागते. तेल घट्ट, चिकट झाले, पदार्थ नसतानाही फेस धरू लागले, किंवा पूर्वी ज्या तापमानाला शांत असे त्याच तापमानाला धुरावू लागले, तर ते टाकून द्यावे. नुसता रंग गडद झाला म्हणून घाबरू नये. हळद-तिखटाने तेल रंगते.

तळण झाल्यावर तेल कोमट होऊ द्यावे, मलमलीच्या फडक्यातून गाळावे आणि स्टीलच्या बंद डब्यात, अंधाऱ्या जागी ठेवावे. तांब्या-पितळेचे भांडे नको, त्या धातूंनी तेल लवकर खवट होते. फ्रायरमध्येच तेल पडू देऊन आठवडाभराने पुन्हा तापवणे ही सगळ्यात वाईट सवय आहे. गाळलेले तेल एक-दोन दिवसांत भाजीच्या फोडणीला वापरून संपवणे उत्तम. पुन्हा तळायचेच असेल तर एकूण तीन वेळांपलीकडे जाऊ नये, आणि जुन्यात नवे तेल मिसळून त्याचे आयुष्य वाढल्याचे समाधान मानू नये. मीठ आणि मसाला पदार्थ बाहेर काढल्यावर लावावा, तेलावर धरून भुरभुरू नये. तेलाची निवड करताना रिफाइंड शेंगदाणा किंवा राइस ब्रान ठीक. घाण्याचे तेल फोडणीला चांगले असले तरी त्याचा धूर बराच लवकर निघतो, फ्रायरमध्ये ते वाया जाते. टाकायचे तेल मोरीत किंवा सिंकमध्ये ओतू नये, बाटलीत भरून वापरलेले तेल गोळा करणाऱ्यांकडे द्यावे.

महिन्यातून दोन-तीनदा, लागोपाठच्या दोन दिवसांत तळण करण्याचा तुमचा परिपाठ असेल, तर दीड लिटर तेल सत्कारणी लागेल. वर्षातून फक्त दिवाळीला तळणार असाल, तर तेच पैसे जाड बुडाच्या पसरट कढईवर आणि तेलात बुडवायच्या एका चांगल्या तापमापकावर खर्च करावेत.